अक्काच्या फ्रिजमधली थंडी

अक्का, तुझा फ्रिज रिकामा झाला. मी नाही केला, तुझ्या नणंदेनं केला. आतून लिंबू लावून पुसलाय. दार उघडलं की पांढरा उजेड थेट तोंडावर येतो. खालचा भाजीचा ट्रे धुऊन उपडा घातलाय. तुझी जिरेनियमची रोपं गेली. ओल्या कचऱ्याच्या गाडीतून गेली, चहाच्या चोथ्याबरोबर आणि इडलीच्या पिठाबरोबर.

तुझ्या फोटोपुढे येऊन उभे राहणारे लोक तुला काय काय सांगतात ते मी ऐकते. 'शांतपणे जा, मागची काळजी करू नको.' मी तसलं काही सांगणार नाही. काळजी कर. इथं काहीही नीट नाही. आणि मी तुझ्यावर भयंकर चिडलेय, हेही आत्ताच सांगून ठेवते. उद्या 'तुझी बहीण सुमी फार रडली' असं कुणी तुझ्या कानावर घातलं, तर विश्वास ठेवू नकोस.

तू गेलीस त्या सकाळी भावोजींनी फोनवर एवढंच म्हटलं, 'लगेच ये.' मी शिलाईच्या दुकानाचं शटर अर्धं उघडलेलं तसंच ओढलं आणि चामराजपेटेतून ऑटोनं राजाजीनगरला आले. ऑटोवाला सिग्नलला थांबला तर त्याच्यावर ओरडले. घरात शिरले तेव्हा तुला खाली घेतलं होतं. नंतर पुरुष मंडळी तुला घेऊन गेली आणि आम्ही बायका मागे राहिलो. आपल्यात रीतच आहे, तिरडी उठली की घर धुवायचं, चूल पेटवायची नाही, घरात शिजलेलं-साठवलेलं जे असेल ते बाहेर काढायचं. जेवण शेजाऱ्यांकडून यायचं. तुझी नणंद कमलाक्का यशवंतपूरहून आली ती पदर खोचूनच. तिनं फरशी धुतली, भांडी घासली आणि मग फ्रिजला हात घातला. मी तेव्हा आतल्या खोलीत तुझ्या उशीचा अभ्रा हातात घेऊन बसले होते. मला कुणी काही विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी भावोजींच्या चहाचं दूध ठेवायला मी फ्रिज उघडला.

'कमलाक्का, ट्रेमधल्या पुड्या कुठं ठेवल्यात?'

'कसल्या पुड्या गं?'

'कागदात बांधलेल्या. पेपरात.'

'अय्यो, त्या होय? चिखल होता गं त्यात. वाळक्या काड्या आणि चिखल. मयताच्या घरात असलं नासकं ठेवू नये. टाकलं सगळं. पीठ पण टाकलं, केवढं होतं! वहिनीला हल्ली सुधरलं नसेल, बिचारी.'

मी ओरडले, अक्का. सुतकातल्या घरात, फोटोपुढं समई जळत असताना, सगळी माणसं बघत असताना ओरडले. 'नासकं नव्हतं ते! झोपलेलं होतं! तिनं झोपवलं होतं त्यांना!' कमलाक्काचा चेहरा पडला. ती म्हणाली, 'मी सकाळपासून राबतेय, कुणी मला घोटभर पाणी तरी विचारलं का?' तेही खरंच होतं. तिचा दोष नव्हता हे मला कळत होतं, म्हणूनच माझा आवाज आणखी चढला. कुणीतरी मला धरून आत नेलं आणि पाठीवरून हात फिरवत म्हणालं, 'दुःखानं असं होतं.' दुःखानं नाही, रागानं होत होतं. पण मयताच्या घरात रागाला जागा नसते, तिथं सगळ्याला दुःखच म्हणतात.

दोष कुणाचा सांगू? तुझा. त्या पुड्यांवर एक चिठ्ठी लावली असतीस तर काय बिघडलं असतं? मी दर वर्षी सांगायचे, 'अक्का, नाव लिहून चिकटव, एखाद्या दिवशी भावोजी भाजी समजून कढईत टाकतील.' तू म्हणायचीस, 'माझ्या घरात मला चिठ्ठ्या कशाला?' शाळेत सायन्स शिकवलंस आयुष्यभर, पोरांच्या प्रत्येक बरणीवर लेबल लावून घेतलंस आणि स्वतःच्या घरात हा बाणा.

आणि लोकांचं एक वाक्य तर मी तेरा दिवस रोज ऐकलं. 'सवाष्ण गेली. भाग्याची.' माझ्या तोंडासमोर, जिचा नवरा जाऊन इतकी वर्षं झाली तिच्यासमोर. हळदीकुंकवानं मळवट भरला तुझा, हिरवा शालू नेसवला आणि म्हणाल्या, 'काय तेज आहे बघा चेहऱ्यावर.' तेज कसलं, गालाची हाडं वर आली होती. मी काही बोलले नाही, कारण तेव्हा माझं लक्ष दुसरीकडे होतं. त्याचं पुढं सांगते.

आधी तुझ्या त्या खुळाचं बोलू. इथं येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी कुणालाच माहीत नाही तू अंगणात काय करत होतीस. त्यांना वाटतं, 'बागेची आवड होती.' आवड! तुम्ही दोघं रिटायर झाल्यावर हिमाचलला गेलात आणि रस्त्याच्या कडेला, दगडाच्या फटीत तुला ते बोटभर उंचीचं झुडूप दिसलं. फिकट गुलाबी फूल, पाकळ्यांवर गडद रेघा. भावोजी सांगतात की बस हॉर्न वाजवत राहिली आणि तू गुडघ्यावर बसून त्या फुलाकडं बघत राहिलीस. परत आलीस ती जिरेनियम, जिरेनियम करतच. लालबागच्या फुलांच्या प्रदर्शनात कुंड्यांतून लालभडक मिरवतं त्याला लोक जिरेनियम म्हणाले की तू त्यांना अडवून सांगायचीस, 'ते पेलार्गोनियम. त्याला जिरेनियम म्हणणं म्हणजे मावशीला आई म्हणणं. खरं जिरेनियम वेगळं, ते बर्फात टिकतं. आणि मी लावतेय ते ठेंगणं, दगडात राहणारं.' शेंग धरली की करकोच्याच्या चोचीसारखी लांब दिसते, हे तू मला इतक्या वेळा दाखवलंस की ग्राहकाच्या कापडावर खडूनं कळी काढताना माझ्या हातून तीच चोच निघायला लागली.

आणि कुठं लावलंस? बेंगळूरमध्ये. जिथं बर्फ म्हणजे उसाच्या रसात घालतात तो.

समोरचं जुनं घर पाडलं तेव्हा त्याच्या कुंपणाच्या चप्पडी, त्या लांबट ग्रॅनाइटच्या फळ्या, तू कंत्राटदाराकडून मागून आणल्यास. अंगणात गाडी ठेवायची जागा होती ती बंद केलीस. लाल माती, वाळू आणि इमारतीच्या कामाला वापरतात ती बारीक खडी, बेबी जल्ली, असं कालवून त्याचा उंचवटा केलास, दगड तिरके पुरलेस आणि त्या फटींतून रोपं बसवलीस. शेणखत नाही, पाणी जवळजवळ नाही. कुणी प्रेमानं लोटाभर पाणी घालायला गेलं की तू त्याच्या हातातला लोटा काढून घ्यायचीस. 'मुळाशी पाणी साचलं की गेलं ते. उपाशी ठेव, मरणार नाही. लाडानं मरेल.' पावसाळ्यात त्याच्यावर जुन्या खिडकीची काच तिरकी टेकवून ठेवायचीस. शेजारीण म्हणायची, 'मल्लिगे लाव, दासवाळ लाव,' म्हणजे मोगरा, जास्वंद, 'देवाला तरी होईल.' तुझ्या फुलाचं काय होतं? देवाला चालत नाही, केसात माळता येत नाही, वासही नाही. मी विचारलं, मग कशाला? तू म्हणालीस, 'बघायला.'

बिया पॉलिशपेपरवर घासून लावायचीस, मूठभर पेरल्यास तर चार-दोन उगवायच्या. पानं यायची, गोल, कातरलेली, पण फूल नाही. मग तू ठरवलंस की त्यांना थंडी मिळत नाही म्हणून फूल नाही. आणि डिसेंबर आला की रोपं उपटून, मुळांवरची माती झाडून, किंचित ओलसर वाळूत आणि पेपरात गुंडाळून ट्रेमध्ये ठेवायला लागलीस. बिचाऱ्या भावोजींची कोथिंबीर दोन महिने बाहेर वाळायची. शिवरात्र झाली की थंडी 'शिव शिव' म्हणत निघून जाते म्हणतात ना, तशी शिवरात्र झाली की तुझी रोपं फ्रिजमधून निघायची आणि दगडांत जाऊन बसायची. आणि फुलायची. हे मात्र खरं. पहिलं फूल आलं तेव्हा तू मला दुकानात फोन केलास, मी एका नवरीचं माप घेत होते, तोंडात टाचण्या होत्या, आणि तू पलीकडून ओरडत होतीस, 'सुमे, आलं! आलं!' मला वाटलं पाणी आलं.

आपलं भांडण तिथूनच सुरू झालं. माझं म्हणणं, जे इथल्या हवेत जगत नाही ते इथं लावायचंच कशाला?

'आपण तरी कुठं इथले, सुमे? आपले पणजोबांचे पणजोबा तिकडून, महाराष्ट्रातूनच आले की.'

'आले ना? मग त्यांना कुणी वर्षातून दोन महिने फ्रिजमध्ये ठेवलं का? मुकाट्यानं रागीमुद्दे, नाचणीचे ते गोळे, गिळायला शिकले, सारात गूळ घालायला शिकले आणि राहिले. तुझं झाड बाहेर ठेव. राहिलं तर आपलं, नाही तर नाही.'

'थंडीशिवाय फूल येत नाही.'

'ठेवून तरी बघ एकदा!'

'स्वल्प बाजूला हो, ऊन अडवतेस.'

हे तुझं ठरलेलं वाक्य. बोलण्यात हरायला लागलीस की माझी सावली तुझ्या झाडावर पडायची. किती वर्षं हेच भांडण भांडलो आपण. दर डिसेंबरात तेच शब्द, त्याच दोघी. कारण दर डिसेंबरात तू मला बोलवायचीसच. कोपऱ्यातली सगळ्यांत मोठी चप्पडी, तिच्याखाली तुझं सगळ्यांत जुनं रोप. मुळं दगडाखाली लाकडासारखी झालेली. ती चप्पडी पहार घालून उचलल्याशिवाय ते निघायचं नाही. मी पहारीवर सगळा भार टाकायचे, दगड दोन बोटं उचलला की तू खालून रोप ओढायचीस. भावोजींच्या पाठीला ते झेपत नाही. हे काम आपल्या दोघींचंच. एकजण दाबणार, दुसरी ओढणार, आणि दोघी तोंडानं भांडणार.

यंदा तू बोलावलं नाहीस. मी फोनवर विचारलं तर म्हणालीस, 'ह्यांनी केलं गं. तुझा लग्नाचा सीझन, कशाला धावपळ?' मला काय माहीत! रोज फोनवर बोलत होतो आपण. रोज. भाव, भाजी, पाणी, वरच्या मजल्यावरची पुण्याची पोरगी नेहा रात्री उशिरापर्यंत ऑफिसचे कॉल घेते ते, सगळं बोललो. स्वतःच्या पोटाबद्दल मात्र एक अक्षर नाही. 'जरा पित्त आहे, जिऱ्याचा कषाय घेतेय.' बस.

आता ते ब्लाउजचं.

मी आयुष्यभर तुझे ब्लाउज शिवले. तुझ्या लग्नाचा शिवला तेव्हा मी परकरातली होते, बाही उलटी बसवली होती, तरी तू तोच घातलास. दर दिवाळीला तू कापड घेऊन दुकानात यायचीस, मी टेप टाकायचे आणि म्हणायचे, 'वाढलीस.' तू म्हणायचीस, 'तुझी टेप आकसलीय.' यंदा दिवाळीला कापड आणलं नाहीस. 'कपाटात मावत नाहीत गं, किती शिवशील?' मला जरासं लागलं. पण गिऱ्हाइकं दारात उभी होती, मी सोडून दिलं.

तू गेलीस त्या सकाळी आम्ही तुला अंघोळ घातली, नेसवायला कपाटातून शालू काढला, त्याच्यावरचा ब्लाउज काढला. तो मी शिवलेला नव्हता. म्हणजे शिवला मीच होता, पण दोन्ही बाजूंनी कुणीतरी आत घेतला होता. काखेतली शिवण दुसऱ्या हातची. टाके मोठे, दोरा वेगळा. तू माझ्याकडून शिवलेला ब्लाउज दुसऱ्या टेलरकडे नेऊन लहान करून घेतलास, कारण मी टेप टाकली असती तर मला कळलं असतं. सगळ्या बायका तुझ्या चेहऱ्यावरचं तेज बघत होत्या आणि मी त्या शिवणीकडं बघत होते. माझ्यापासून लपवायला तू कुणा परक्या टेलरचं दुकान शोधलंस, अक्का. मला ते दुकान सापडलं तर मी तिथं जाऊन भांडणार आहे. इतके मोठे टाके घालतात का कुणी?

संक्रांतीला तरी मी आले होते. तू शाल पांघरून बसली होतीस, उन्हात, दगडांपाशी. हातात एळ्ळु-बेल्लाचा, म्हणजे तीळगुळाचा डबा. मी म्हटलं, 'किती बारीक झालीस!' 'साखर सोडलीय.' आणि तोंडात माझ्याकडचं साखरेचं अच्चू, पोपटाच्या आकाराचं. मी म्हटलं, 'हे काय मग?' तू हसलीस. मग एकदम म्हणालीस, 'शिवरात्र झाली की रोपं बाहेर काढ. उन्हात लगेच ठेवू नको, आधी सावलीत. पाणी अगदी थोडं. पहिले पंधरा दिवस तर विसरूनच जा.'

'मी कशाला काढू? तू कुठं चाललीस?'

'बघू. सवडीनं जाईन कुठंतरी.'

मला वाटलं काशीबिशी. म्हटलं, 'जाऊन ये, भावोजींना घेऊन जा, त्यांची पाठ सांभाळ.' आणि तू नुसती मान डोलावलीस. रोपं कशी बाहेर काढायची, किती पाणी, कुठं ठेवायची, एवढं सगळं मला समजावलंस. झाडाचं सगळं सांगितलंस. स्वतःचं काही नाही. मी झाडाची बहीण होते का तुझी?

भावोजी बोलले ते तेराव्यानंतर. पाहुणे पांगले होते, आम्ही दोघं अंगणात बसलो होतो. मी काही विचारलं नव्हतं. तेच म्हणाले, 'दिवाळीच्या आधी कळलं. डॉक्टर म्हणाले, औषध देता येईल, काही महिने वाढतील, पण हॉस्पिटलमध्येच. ती म्हणाली, नको.'

'आणि मला सांगायचं नाही असं ठरवलंत.'

'मी ठरवलं नाही. तिनं.'

'तुम्हाला तोंड होतं ना?'

'स्वल्प समजून घे गं. मी तुझ्या दुकानापर्यंत आलो होतो एकदा. समोर उभा राहिलो, तू कात्री चालवत होतीस, परत फिरलो. ती म्हणाली होती, सुमीला सांगितलंत तर ती मला गुंडाळून थंड खोलीत ठेवील, नळ्या लावून. मला माझ्या दगडांपाशी उन्हात बसायचंय. सुमीशी भांडायची ताकद आता नाही, म्हणाली.'

ऐकलंस स्वतःचं बोलणं? झाडांच्या बाबतीत मी म्हणायचे, राहू दे बाहेर, राहील तितकं राहील. तू म्हणायचीस, गुंडाळ, जप, वाचव. किती वर्षं मला वेड्यात काढलंस. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा माझंच म्हणणं उचललंस आणि मला कळूही दिलं नाहीस! पटलं होतं तर तोंडानं सांगायचं होतंस एकदा, 'सुमे, तुझं खरं.' आणि हो, मी तुला नेलंच असतं हॉस्पिटलमध्ये. माझं स्वतःचं तत्त्व गेलं चुलीत. बेडपाशी बसले असते, नर्सशी भांडले असते, तुझ्याशी भांडले असते. बहुतेक हरलेही असते आणि तुला ह्याच अंगणात परत घेऊन आले असते. पण भांडायला तर मिळालं असतं. एवढं आयुष्य आपण कशाकशावरून भांडलो, साडीच्या काठावरून, आईच्या पाटल्यांवरून, झाडांवरून, आणि ज्या एका गोष्टीवरून भांडायला पाहिजे होतं ती तू परस्पर मिटवून टाकलीस. ह्याला मी माफ करणार नाही. लोक म्हणतात, गेलेल्या माणसावर राग धरू नये. मग कुणावर धरायचा?

लोक असंही म्हणतात की मी मनाला लावून घेऊ नये, मला कळलं नाही यात माझं काही चुकलं नाही. मला माहीत आहे माझं काही चुकलं नाही. तू उत्तम लपवलंस. तुला पैकीच्या पैकी मार्क.

रागात मी बरंच विसरतेही. माझा नवरा गेला तेव्हा तू शाळेला रजा टाकून महिनाभर माझ्या दुकानात येऊन बसलीस. तुला हुक लावता येत नव्हता. तू लावलेले सगळे हुक मी रात्री उसवून पुन्हा लावायचे, आणि तुला ते ठाऊक होतं, तरी दुसऱ्या दिवशी तू पुन्हा सुई घेऊन बसायचीस. 'सरी, बरं, आज किती ब्लाउज?' म्हणून. एकदाही मला 'धीर धर' म्हणाली नाहीस. त्या महिन्यात दुकान बंद पडलं नाही ते तुझ्या त्या वाकड्या हुकांमुळं. मी हे तुला कधी बोलून दाखवलं नाही, कारण बोलले असते तर तू म्हणाली असतीस, 'स्वल्प बाजूला हो.' म्हणून आत्ता बोलते. आता तुला कुठं जाता येतंय?

आणि म्हणूनच मला तुझी ती रोपं हवी होती. तू सांगून गेलेलं एकच काम होतं माझ्याकडं, शिवरात्रीनंतर रोपं बाहेर काढायची. बाकी काही दिलं नव्हतंस. तेही कचऱ्याच्या गाडीत गेलं. शिवरात्रीच्या दिवशी मी उपासाचा फराळ केला नाही, अंगणाकडं बघितलंही नाही. जल्ली, दगड आणि मोकळ्या फटी. मी भावोजींना म्हटलं, 'हे दगड कुणाला तरी देऊन टाकू, गाडीला जागा होईल.' ते उठून आत गेले.

परवा दुकानात होते तर नेहाचा फोन. 'मावशी, अ‍ॅक्चुअली एक विचारायचं होतं. काकूंच्या त्या रॉक गार्डनमध्ये ना, कॉर्नरच्या मोठ्या दगडाखाली काहीतरी पिंक आलंय. म्हणजे एकदम छोटं आहे. वीड आहे का? काढू का?'

'हात लावू नकोस!' मी इतक्या जोरात ओरडले की ट्रायल रूममधली बाई अर्धवट कपड्यात बाहेर आली.

अक्का, कोपऱ्यातली चप्पडी. भावोजींनी ती उचललीच नव्हती. 'ह्यांनी केलं' हे तू मला खोटं सांगितलंस. मला बोलावलं असतंस तर मी तुला डोळ्यांनी बघितलं असतं, म्हणून बोलावलं नाहीस, आणि एकटीला दगड उचलला नाही, म्हणून ते रोप तिथंच राहिलं. फ्रिजमध्ये गेलं नाही, म्हणून कमलाक्काच्या हाती लागलं नाही. तू माझ्यापासून लपलीस म्हणून ते वाचलं. आता ह्यावर हसू का तुझ्या फोटोशी भांडू, सांग.

मी येऊन बघितलं. एकच फूल. फिकट गुलाबी, पाकळ्यांवर गडद रेघा. यंदा एक दिवसही फ्रिजमध्ये न राहता आलेलं. बेंगळूरच्या हवेत, उघड्यावर, माझ्या म्हणण्याप्रमाणं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी आपल्या भांडणात चोख जिंकले होते. पुरावा समोर होता. मी तुझ्या खुर्चीकडं वळले, तोंड उघडलं आणि बोलायला कुणी नव्हतं. मी त्या रिकाम्या खुर्चीला लाथ घातली. ती प्लास्टिकची खुर्ची गेटापर्यंत घसरत गेली, नेहा वरून बघत होती, बघू दे.

भावोजी बाहेर आले. वाकून फुलाकडं बघितलं, कंबर धरून सरळ झाले आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, 'यंदा थंडी जरा जास्तच होती ना, सुमे. म्हणून आलं असेल.'

बघ! मेल्यावरही तुझा वकील कोर्टात उभा आहे. मी म्हटलं, 'भावोजी, आज तरी माझी बाजू घ्या.' ते म्हणाले, 'कशी घेऊ? तिला काय सांगू मग?' आणि पहिल्यांदाच, इतक्या दिवसांत, ते रडले. मी खुर्ची परत आणली, त्यांना बसवलं आणि दगडापाशी जमिनीवर बसले. माझी सावली फुलावर पडली होती. मी बाजूला झाले.

दगड मी कुणाला देणार नाही. गाडी रस्त्यावर राहील. पावसाळ्यात खिडकीची काच मी टेकवीन, लोटाभर पाणी घालायला कोणी आलं तर त्याचा हात मी धरीन. आणि डिसेंबरात ते रोप मी अर्धं करणार आहे. अर्धं कागदात गुंडाळून माझ्या फ्रिजमध्ये, वर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावून. अर्धं तिथंच, उघड्यावर. भावोजी म्हणाले, 'आता कशाला? तिचं तर संपलं.' तुझं संपलं असेल, माझं भांडण अजून चालू आहे.

पण त्यासाठी ती चप्पडी उचलावी लागेल. पहार मी काढून ठेवली आहे, गंज घासून. भार टाकायला मी आहे, दगड दोन बोटं वर येईल, तेवढी ताकद माझ्यात आहे. मी दगड धरून उभी असेन, अक्का. खालून रोप कोण ओढणार, ते तू सांग.